जुनं झालेलं भविष्य भंगारात द्यावं का? एका 'अंतराळ नगरी'च्या मालकाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात हायवेपासून जरा आत एका भाऊंच्या वडिलांनी १९९६ साली सात एकरात बगीचा काढला आणि त्यातला एक कोपरा 'अंतराळ नगरी' म्हणून सजवला. मधोमध बारा रॉकेटवाला गोल पाळणा, बाजूला सिमेंटची उडती तबकडी (तिच्यात आता रसवंती चालते), आणि एक अंधारा बोगदा, त्यात छोट्या गाडीत बसवून '२०२० सालचं आपलं गाव' दाखवतात. आता २०२० येऊन गेलं. सहलीचे पोट्टे बोगद्यात खिदळतात, रॉकेटचा रंग पांढुरका पडला, बाबा थकले, आणि भाऊंना कोणीतरी सल्ला दिला की हे सगळं भंगारवाल्याला द्या अन् व्हीआर (डोळ्याला चष्मा लावून खोटं जग दाखवणारा खेळ) आणि सेव्हन-डी थिएटर टाका. बजेट ३५ लाख. काय करावं?

भाऊ, मी सत्तावीस वर्षं हेच करून राहिलो. सुरुवात मामाच्या आकाशपाळण्यावर, बहिरमच्या यात्रेत महिनाभर मुक्काम, मग सहा वर्षं मुंबईकडच्या एका पार्कात मेंटेनन्सला, आणि त्यानंतर आपल्याच भागात पाळणे बनवणं, जुने दुरुस्त करणं, नाही झाले तर काढून टाकणं. म्हणून आधीच सांगतो, सगळं पाडू नका आणि सगळं ठेवूही नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकाच पोत्यात भरून राहिले. एक, लोखंड किती म्हातारं झालं. दोन, स्वप्न किती म्हातारं झालं. लोखंडाला दयामाया दाखवायची नाही, स्वप्नाला मात्र घाईघाईनं हात लावायचा नाही.

हा रोग तुमच्या एकट्याचा नाही राजेहो, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्कला झालेला आहे. अमेरिकेत अनाहाइमला डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, त्यात टुमॉरोलँड नावाचा भाग होता, आणि तिथं दाखवायचं होतं १९८६ साल, म्हणजे हॅलेचा धूमकेतू परत येणार होता ते वर्ष. पैसे संपत आलेले, उद्घाटनाची तारीख डोक्यावर, म्हणून अर्धी जागा कंपन्यांच्या प्रदर्शनांनी भरली. केमिकलचं दालन, ॲल्युमिनियमचं दालन, आणि पुढच्याच वर्षी भविष्यातलं बाथरूमसुद्धा. हसू नका, तुमच्या बाबांच्या बोगद्यापेक्षा ते बाथरूम कमीच मजेदार असेल.

तिथंच १९५७ ला 'भविष्यातलं घर' बांधलं, पूर्ण प्लास्टिकचं. आत मायक्रोवेव्ह, भिंतीवर टीव्ही वगैरे, लोक आ वासून पाहायचे. दहा वर्षांत त्यातलं बरंचसं दुकानात मिळायला लागलं, मग पाहायला कोण येईल? १९६७ ला पाडायला घेतलं तर पाडकामाचा मोठा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत यायचा, एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. घर मजबूतच होतं हो, त्याच्यातलं आश्चर्य तेवढं मेलं होतं.

आणि चंद्राची राइड. १९५५ ला 'रॉकेट टू द मून', बाहेर ७६ फुटांचं रॉकेट उभं. १९६७ ला नवीन करून 'फ्लाइट टू द मून' केली, आणि दोनच वर्षांनी खरा माणूस चंद्रावर उतरला, सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. मग १९७५ ला चंद्र काढून मंगळ टाकला, १९९२ ला तेही बंद, पुढे त्याच इमारतीत पिझ्झा विकायला लागले. तुमच्या तबकडीत रसवंती निघाली म्हणून तुम्हाला जे वाईट वाटून राहिलं ना, त्याची काही गरज नाही, मोठ्या घरातही असंच झालं. उलट माझा सल्ला असा की रसवंती तिथंच राहू द्या, मे महिन्यात अख्ख्या पार्कात सगळ्यात जास्त धंदा तीच देत असेल.

आता याच पार्कात जे टिकलं ते बघा. ऑटोपिया, पहिल्या दिवसापासूनची राइड, लहान पोरांनी मोटार चालवायची. १९५५ ला ती भविष्याची गोष्ट होती, कारण तिथले मोठे हायवे अजून बनायचे होते. हायवे बनले, जुने झाले, त्यांच्यावर जाम लागायला लागला, तरी ती राइड चालूच आहे, कारण सात वर्षांच्या पोराच्या हातात स्टेअरिंग देण्याची मजा कोणत्याच सालात जुनी होत नाही. वस्तू दाखवणारी राइड म्हातारी होते आणि अंगाला काहीतरी करायला लावणारी टिकते, हा फरक मी यात्रेत रोज पाहिला. आकाशपाळणा वर गेला की पोटात जो खड्डा पडतो तो माझ्या आजीलाही पडायचा आणि आता मोबाइलवाल्या पोट्ट्यालाही पडते.

म्हणून तुमचा रॉकेटचा पाळणा हा तुमचा सोन्याचा तुकडा आहे. गोल फिरते, वर जाते, खालून आई हात हलवते. त्याच्यात भविष्य-बिविष्य काही नाही, फक्त आकार रॉकेटचा आहे.

आता व्हीआरचा हिशोब करू, कारण तुम्हाला ज्यानं सल्ला दिला त्यानं तो केलेला दिसत नाही. तुमच्या पाळण्यात बारा रॉकेट, प्रत्येकी दोन पोरं, म्हणजे एका फेरीला २४. फेरी तीन मिनिटं, चढ-उतार तीन मिनिटं, म्हणजे तासाला दहा फेऱ्या, २४० पोरं. व्हीआरच्या चार खुर्च्या घेतल्या तर पाच मिनिटांचा शो आणि मध्ये तीन मिनिटं बेल्ट लावा, चष्मा पुसा, "दादा मला दिसून नाही राहिलं" ऐका, म्हणजे तासाला सात फेऱ्या, जास्तीत जास्त २८ पोरं. सहलीच्या दोन बस आल्या, शंभर पोरं. रॉकेटवर पंचवीस-तीस मिनिटांत सगळे मोकळे, व्हीआरवर साडेतीन तास. तोपर्यंत गुरुजी शिट्टी वाजवून बस भरून निघून जातील अन् सत्तर पोरं रडत जातील. त्यात आपला उन्हाळा ४५-४६ डिग्रीचा, एका पोराच्या घामाचा चष्मा दुसऱ्याच्या तोंडाला, गावाकडची लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हीच गोष्ट त्या पोराच्या मोठ्या भावाच्या मोबाइलमध्ये दोन वर्षांत फुकट येते. भविष्य म्हणून विकत घ्याल अन् हप्ते फिटायच्या आधीच ते म्हातारं होईल.

सेव्हन-डीबद्दल जास्त बोलत नाही. खुर्ची हलते, तोंडावर पाणी उडते, एकदा पाहिलं की झालं. जत्रेत ठीक आहे, जत्रा गाव बदलते. तुमचा पार्क गाव बदलत नाही.

जुन्या सांगाड्यावर नवीन राइड चढवण्याचा मोह तुम्हालाही होईलच, म्हणून त्याच टुमॉरोलँडची अजून एक गोष्ट. १९६७ ला तिथं पीपलमूव्हर नावाची हळू चालणारी गाडी आली, रुळात बसवलेली टायरं फिरायची आणि त्यांच्यावरून डबे सरकायचे. गाडी उंचावरून सगळा भाग फिरवून आणायची, पाय दुखले की लोक जाऊन बसायचे, थरार काहीच नाही. १९९५ ला बंद केली आणि त्याच रुळावर १९९८ ला रॉकेट रॉड्स नावाची वेगवान गाडी टाकली. आता वेगानं वळायचं तर वळणावर ट्रॅक आतल्या बाजूला कललेला पाहिजे, आपला घाटातला रस्ता नाही का तसा. पण ट्रॅक होता जुना, हळू गाडीसाठी सपाट बनवलेला, आणि तो बदलायला पैसे नव्हते. मग काय, सरळ रेषेत जोरात पळायचं, प्रत्येक वळणावर ब्रेक, पुन्हा पळायचं, पुन्हा ब्रेक. टायर झिजले, बिघाड रोजचे, आणि २००० ला ती बंद पडली. तो रिकामा ट्रॅक अजून डोक्यावर तसाच उभा आहे.

त्याच १९९८ ला त्यांनी पाणबुडीची राइडही बंद केली होती, १९५९ ची. पण तिच्या बाबतीत पुढे डोकं लावलं. २००७ ला त्याच जुन्या पाणबुड्या परत आणल्या, आतलं डिझेल इंजिन काढून बॅटरीवर केल्या आणि काचेबाहेरची गोष्ट बदलून कार्टून माशांची केली. खोकं तेच, वेग तोच, पोटात इंजिन नवीन आणि डोळ्यासमोर गोष्ट नवीन. पार्क तोच, मालक तोच, पण एका वेळी जुन्या हाडांवर त्यांना न झेपणारं वजन टाकलं आणि दुसऱ्या वेळी हाडांना झेपेल तेवढंच बदललं. तुमच्या बोगद्याच्या गाडीचा वेग वाढवून 'रोलर कोस्टर' करून देतो म्हणणारा कोणी फॅब्रिकेटर भेटला तर त्याला चहा पाजा अन् वाटेला लावा.

रंगाबद्दल माझीच चूक सांगतो. १९९८ च्याच त्या बदलात त्यांनी पांढरा-निळा टुमॉरोलँड तांब्या-पितळेच्या रंगात रंगवला, स्पेस माउंटन नावाच्या राइडची डोंगरासारखी इमारतसुद्धा, म्हणजे जुन्या काळातल्या माणसानं कल्पिलेलं भविष्य दाखवायचं होतं. त्याच्या सहा वर्षं आधी पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये असा भाग बनवला होता आणि तो फार सुंदर जमला होता, कारण तिथं ज्यूल व्हर्न हा त्यांचा स्वतःचा लेखक होता, तोफेतून चंद्रावर जाणारी माणसं आणि कॅप्टन निमोची पाणबुडी ही त्यांच्या घरची गोष्ट होती. अनाहाइमला नुसता रंग गेला, पैसे कमी पडले, गोष्ट नाही गेली. लोकांना उदास वाटलं आणि काही वर्षांत स्पेस माउंटन परत पांढरा केला. मी त्या तांब्या-पितळेच्या रंगाचे फोटो पाहून भारावलो आणि आपल्याच भागातल्या एका बगीच्यात अख्खा पाळणा तांब्याच्या रंगात रंगवून दिला, दांड्यांसकट. दिसायला काय दिसत होता म्हणता! एप्रिल लागला अन् पोरं दांडीला हात लावायला तयार नाहीत, चटका बसे. मालकानं दुपारी पाळण्यावर गोणपाट ओलं करून टाकायला माणूस ठेवला. शेवटी मी स्वतःच्या खर्चानं पांढरा करून दिला. विदर्भात भविष्याचा रंग पांढराच, पाहिजे तर वरून भगवट नारिंगी किंवा आकाशी पट्टा मारा, पण हात लागतो तिथं गडद काही नको.

पॅरिसवरून घ्यायचं तर वेगळंच घ्या, की त्यांनी स्वतःच्या घरातलं जुनं भविष्य शोधलं. अमेरिकेतलं जुनं भविष्य म्हणजे शेपटीवाल्या मोटारी, क्रोम, बूमरँगसारखी छपरं, पन्नासच्या दशकातली. ते आपल्याकडे कधी आलंच नाही तर त्याची आठवण कोणाला येणार? आपलं जुनं भविष्य वेगळं आहे. बांबूला बांधलेला अँटेना आणि छतावरून ओरडणारा भाऊ, "आलं का? आता आलं का?" पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ, त्यातली लाल आकड्यांची मीटरची पेटी. १९८२ ला आलेला रंगीत टीव्ही. १९८४ ला राकेश शर्मा वर गेले तेव्हा अख्खी आळी एका घरात बसलेली. गावाबाहेरची मशरूमसारखी पाण्याची टाकी, जी प्रत्येक पोराला उडती तबकडीच वाटते (तुमच्या बाबांनी तबकडीचा आकार तिच्यावरूनच घेतला असेल यावर मी पैज लावतो). त्या काळात आपल्याकडच्या माणसाला 'पुढं काय येणार' हे ज्या वस्तूंमधून दिसत होतं त्या या. त्या गोळा करायला फार पैसे नाही लागत, भंगारवाल्याकडे आणि नातेवाइकांच्या माळ्यावर सापडतील. बोगद्याच्या रांगेत एक खरं पीसीओ बूथ उभं करा, आत रिसिव्हर उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज येऊ द्या, रांगेतली आई-बाबा मंडळी स्वतःच पोरांना समजावत बसतील आणि रांग लांब वाटणार नाही.

आणि आकाशाचं म्हणाल तर आपल्याकडे लोणार आहे, बुलडाण्यात. पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचा खड्डा, काळ्या बेसॉल्ट खडकात, आकाशातून दगड येऊन पडला तो. आपण वर रॉकेट पाठवायच्या कितीतरी आधी वरून कोणीतरी आपल्याकडे येऊन गेलं. पाळण्याच्या भोवती जो गोल कठडा आहे त्यालाच लोणारचा काठ करा, काळा दगड तर तुमच्या विहिरीतून निघालेला पडलेलाच असेल. थर्माकोलचे ग्रह लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता बोगदा. तुम्ही लिहिलं की पोट्टे हसतात म्हणून लाज वाटते. तुम्ही जी दृश्यं सांगितली ती मी दोनदा वाचली. टीव्ही असलेला फोन, बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर, बटन दाबलं की भाकरी टाकणारी चूल, कापूस वेचणारा रोबोट, आणि शेवटी चंद्रावर जाणारी लाल एसटी, पाटीवर 'यवतमाळ – चंद्र, मार्गे पुसद'. अहो हे तुम्ही भंगारात द्यायला निघाले?

फोन आला, आता प्रत्येकाच्या खिशात आहे. चंद्रावर आपण २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलो, तीन वर्षं उशिरा आणि एसटीशिवाय. पण कापूस वेचणारा रोबोट? तो नाही आला बाप्पा. आजही आपल्याकडे बाया वाकूनच वेचतात, कंबरेला ओटी बांधून, किलोच्या भावानं. तुम्हीच लिहिलं की मागच्या दिवाळीनंतर मजुरीवरच्या बायांचा एक गट पार्कात आला होता आणि त्या दृश्यापाशी एक आजी म्हणाल्या, "हा येचून रायला अन् आमी अजून वाकूनच हाओ," आणि सगळ्या डब्यात जे हसल्या ते बाहेर येईपर्यंत. तुम्हाला ती टिंगल वाटली. मला तर वाटते, अख्ख्या पार्कात लोक एवढे मनापासून दुसरीकडे कुठंच हसत नसतील. तो रोबोट हलला पाहिजे, त्याचा हात नीट चालला पाहिजे, त्याला नवीन मोटर द्या, पण तो काढायचा नाही.

अडचण दृश्यांत नाहीच, पाटीत आहे. बाहेर लिहिलंय '२०२० सालचं आपलं गाव'. ती पाटी अजून भविष्यवाणी करून राहिली, म्हणून खोटी पडते. तिथं लिहा, '१९९६ साली आम्हाला वाटलं होतं, २०२० मध्ये आपलं गाव असं असेल'. एका पेंटरची अर्ध्या दिवसाची मजुरी. तोच बोगदा, तेच पुतळे, पण आता चुकलेलं जे आहे तेच पाहण्यासारखं झालं. आणि बाबा अजून बोलू शकतात तोवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्डिंग करून घ्या, लिहून दिलेलं वाचायला लावू नका, त्यांना गाडीत बसवा, एकेका दृश्यासमोर थांबवा आणि विचारा की हे कसं सुचलं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, मागून चिमण्यांचा आवाज आला तरी चालते. स्टुडिओतला भारदस्त आवाज पाच हजारात मिळतो पण त्याला काय माहीत एसटी पुसदमार्गे का नेली.

शेवटच्या दृश्याचं मात्र वेगळं आहे. डिस्नेकडेच 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' नावाचा शो आहे, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी बनवलेला, नंतर कॅलिफोर्निया आणि १९७५ पासून फ्लोरिडात. एकाच कुटुंबाची चार दृश्यं, वेगवेगळ्या काळातली, आणि प्रेक्षकच गोल फिरत एका दृश्याकडून दुसऱ्याकडे जातात. पहिली तीन जुन्या काळातली, चौथं 'आजचं-उद्याचं'. गंमत अशी की पहिल्या तीन दृश्यांना म्हातारपण येत नाही, ती आधीच म्हातारी आहेत. चौथं मात्र दर काही वर्षांनी बदलावं लागलं, १९९४ ला शेवटचं बदललं ते पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं, आणि लोकांना खटकते तेच. म्हणजे ज्या दृश्याला सगळ्यात लवकर बदलायचंय तेच त्यांनी सगळ्यात महाग बनवलं, हलणारे पुतळे, पक्का सेट.

तुम्ही उलटं करा. एसटीनंतर जी मोकळी भिंत आहे तिथं पडदा लावा, गुंडाळता येणारा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात असतो तसा. वडसा-देसाईगंजकडे पडदे रंगवणारे एकापेक्षा एक कलाकार आहेत, त्यांचा सीझन हिवाळ्याचा, उन्हाळ्यात जरा मोकळे असतात. दरवर्षी सहलीला येणाऱ्या शाळांकडून 'आमचं २०५०' अशी चित्रं घ्या, त्यातली चार-पाच निवडून जूनच्या आधी पडद्यावर मोठी रंगवून घ्या, खाली शाळेचं नाव लिहा. पोरगं पुढच्या वर्षी आईबापाला, आजीला घेऊन स्वतःचं चित्र पाहायला येईल, तिकीट काढून येईल. आणि जुना पडदा फेकू नका, गुंडाळून ठेवा, वीस वर्षांनी त्याचीच रांग लावता येईल.

भिंतीवर स्पायडरमॅन-बिडरमॅन काढायचा मोह आवरा, दुसऱ्याच्या मालकीचं कॅरेक्टर आहे, नोटीस आली तर सगळं खरवडावं लागेल. निळी-जांभळी एलईडी पट्टीही नको, आज भविष्य वाटते अन् उद्या तीच पट्टी हायवेवरच्या प्रत्येक बारवर दिसते. साधा पिवळा बल्ब आणि कमी उजेड, बोगद्याला तेवढंच पुरते.

आता लोखंड, इथं मात्र काही प्रेम नाही. पाळणा १९९६ चा आहे, मधला खांब, हात, पिना, सगळं दर फेरीला वाकते-सरळ होते, आणि अशा लोखंडाला वरून काही दिसत नाही, भेग वेल्डच्या टोकाला केसासारखी पडते. कोणी रंग मारून 'ओव्हरहॉल' केला म्हणून दाखवला तर विश्वास ठेवू नका, रंग हा भेगेचा सगळ्यात चांगला मित्र आहे. आधी रंग पूर्ण खरवडायचा, मग वेल्डवर डाय पेनिट्रंट टेस्ट, तो लाल द्रव लावून पुसायचा, वर पांढरी पावडर, भेग असली तर लाल रेघ वर येते. हातांच्या पिना काढून अल्ट्रासोनिकवर (आवाजाच्या लहरींनी आतली भेग दाखवणारं यंत्र) तपासा, माझं मत विचाराल तर तपासूही नका, सगळ्या नवीनच करा, पिनेचा खर्च काय आणि पोराच्या जिवापुढे तो किती. मोटरला थेट स्टार्टर असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र लावा, झटका न बसता हळूहळू वेग घेतला की गिअरबॉक्स आणि वेल्ड दोन्हीचं आयुष्य वाढते, आणि जनरेटरवरही लोड एकदम पडत नाही. आपल्याकडे पाळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ हे मानक आहे, तपासणारा इंजिनिअर त्याचं नाव ऐकून "ते काय असते?" म्हणाला तर दुसरा शोधा.

पाया पाहा. तुमची जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि तिच्यावर साधा फाउंडेशन टाकला असेल तर तो दरवर्षी वरखाली होते. तबकडीला जो तडा गेला तो सिमेंट खराब म्हणून नसेल, माती हलल्यामुळे असेल. पाळण्याच्या खांबाला ओळंबा लावा, मे मध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. फरक आला तर रंगाचे सगळे पैसे थांबवा आणि आधी पाया करा, काळी माती खोदून काढून मुरूम भरायचा की अंडर-रीम्ड पाइल (बुडाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब) टाकायचे हे जागेवर पाहून ठरते, पण कडेनं पाणी मुरू न देणारी नाली दोन्हीत पाहिजे.

मधलं रॉकेट उघड्या शिवारात सगळ्यात उंच आहे, मृगाच्या आधी वीज कशी कडाडते तुम्हाला माहीत आहे. वीजरोधक आणि अर्थिंग आहे का, जिवंत आहे का, मीटर लावून पाहा, तार लोकांनी तांब्यासाठी कापून नेलेली असते. आणि टोकाच्या शंकूत वर चढायच्या आधी खालून दुर्बिणीनं बघा. मी एकदा असाच पान्हा घेऊन चढलो होतो, आत आग्यामोहोळ. उतरलो कसा ते विचारू नका, तीन दिवस तोंड ओळखू येत नव्हतं.

फायबरची रॉकेटं काढू नका. वरची चकाकी उन्हानं खडूसारखी झाली आहे, आतलं फायबर बहुतेक चांगलं असते. घासा, जिथं चांदणीसारख्या भेगा आहेत तिथं मागून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचे दोन थर द्या, मग गाडीला मारतात तो टू-पॅक पीयू रंग. फक्त रॉकेट जिथं लोखंडी हाताला बोल्टनं धरलंय तो भाग मनगटानं हलवून पाहा, तिथं फायबर मऊ लागलं तर ते रॉकेट बाद, साच्यावरून नवीन काढा.

बोगद्यात जुनं थर्माकोल, कापड आणि १९९६ ची पीव्हीसी वायर आहे, म्हणजे काडी ओढायचाच उशीर. हे सगळं बाहेर, वायरिंग पूर्ण नवीन, मध्यावर बाहेर पडायला दुसरा दरवाजा, तो आतून ढकलला की उघडणारा, कुलूप नको. हे होईपर्यंत बोगदा बंद ठेवा, सहल आली तरी, ओळखीच्या गुरुजींची असली तरी.

३५ लाखांत माझी वाटणी सांगायची तर अर्ध्याहून जास्त पाया, पिना, वायरिंग आणि दरवाज्यात जाईल, जे कोणाला दिसणार नाही आणि त्यावर कोणी सेल्फी काढणार नाही. मग रंग आणि फायबर. पीसीओ, लोणारचा काठ, पडदा, बाबांचा आवाज याला सगळं मिळून शेवटचा छोटा तुकडा पुरेल. उरलं तर एक जास्तीची सावली करा, रांगेवर, कारण मे मध्ये रांगेत उभं राहण्यापेक्षा लोक घरी झोपतात.

तूर्त एवढं करा, पाळणा बंद ठेवून मधल्या खांबाचे आणि हातांच्या जोडांचे रंग खरवडलेले फोटो काढा, ओळंब्याचा आकडा लिहून ठेवा, मग मी पुसदकडे कामाला येईन तेव्हा एक दिवस थांबून पाहून जाईन. आणि भंगारवाला गाडी घेऊन आलाच तर त्याला तांब्याच्या जुन्या वायरी द्या, रोबोट देऊ नका.